खाऊ नव्हे, खुराक

गेल्या गुरुवारी जत तालुक्यातल्या एका अंगणवाडीत आम्ही एका पैलवानाचं वजन केलं. वय अडीच वर्षं, डोक्यावर दोन शेंड्या, नाकाला शेंबूड... नाव ओवी.

सांगताना जरा लाज वाटते, कारण यातला मूळ घोळ माझाच आहे. पण अभिमान लाजेपेक्षा मोठा आहे, म्हणून लिहितेय.

मी आहारतज्ज्ञ, राहायला सांगलीत विश्रामबागला. गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा जतकडे जाते. तिथल्या एका गावातला बायकांचा बचत गट कुपोषित मुलांसाठी पौष्टिक पेस्ट बनवतो... भाजलेले शेंगदाणे, डाळवं, दूध पावडर, साखर, तेल आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली जीवनसत्त्वांची पावडर. शेंगदाणे आपल्याच रानातले, दळण आपल्याच गावात. बाहेरून येणाऱ्या पाकिटांची वाट बघत बसायचं नाही, हा या बायकांचा हट्ट.

पेस्टला पाण्याचा थेंब लागला तरी ती खराब होते. त्यामुळे हात धुऊन, कोरडे करून, डोक्याला टोप्या घालून या अशा काही कामाला लागतात की ऑपरेशन थिएटरनं लाजावं! चेष्टा नाही, मी सोळा वर्षं या धंद्यात आहे... इतकं नेटकं काम मी शहरातही फार बघितलेलं नाही.

पाकिटावर काय छापायचं, ते मात्र मी ठरवलं. 'बाळाचा खाऊ'. किती गोड नाव सुचलं म्हणून दोन दिवस स्वतःवरच खूश होते.

बाकीच्या मुलांची वजनं हळूहळू वाढायला लागली. ओवीचा काटा मात्र जागचा हलेना. रोजची पाकिटं घरी जात होती, रिकामी परत येत होती... आणि पोरीचे दंड तसेच काडीसारखे.

डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस बघू, नाहीतर सांगलीला ऍडमिट करावं लागेल. तिचे आईवडील मेंढरं घेऊन लांब गेलेले, घरी आजी आणि पाच नातवंडं. दवाखान्यात बसणार कोण? मी पेस्टची सगळी मापं पुन्हा पुन्हा तपासली. चूक काही सापडेना.

शेवटी गटातल्या सुशीलाताई म्हणाल्या, "मॅडम, कागुद बास झाले. घरी जाऊन बघू या."

गेलो. ओवीची आजी, बायाक्का, दारात बसली होती आणि पाच पोरं तिच्याभोवती तळहात पसरून. आजीनं पाकीट फोडलं आणि एकेकाच्या हातावर बोटभर पेस्ट ठेवत गेली. अगदी समान, कुणाला कणभर कमीजास्त नाही. ओवी सगळ्यात धाकटी, म्हणून तिचा नंबर शेवटचा.

माझा आवाज चढलाच. "अहो आजी, हे फक्त ओवीसाठी आहे!"

बायाक्का शांतपणे म्हणाली, "आवं बाई, खाऊ हाय न्हवं ह्यो? थोरल्यानं वाचून दावलंय मला. एकीच्या तोंडात घालायचा आन् चौघांनी बघत बसायचं व्हय?"

खाऊ वाटून खायचा, हे मलाही माझ्या आईनं असंच शिकवलंय. आजीचं बरोबर होतं, माझं पाकीट चूक होतं. बरं, औषध म्हणावं तर दुसरीच पंचाईत... औषध म्हणजे चमचाभर, तेही ताप आला तर.

सुशीलाताई आजीशेजारी मांडी घालून बसल्या. "बायाक्का, ह्यो खाऊ न्हाईच. ह्यो खुराक हाय. पैलवानाच्या खुराकाला घरात कोण हात लावतंय का?"

आमच्या भागात हे वेगळं सांगावं लागत नाही. तालमीत जाणाऱ्याचं दूध, तूप, बदाम घरात बाजूला ठेवलेलं असतं. कितीही भूक लागली तरी त्यातलं कुणी मागत नाही.

आजीनं ओवीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "ही पैलवान व्हय गं?"

"मग! तुमच्या घरातली पयली!"

उरलेली पाकिटं तिथल्या तिथे वरच्या फळीवर गेली. बाकीच्या चौघांसाठी सुशीलाताईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. त्यांचा खाऊ त्यांना.

परत येताना गाडीत सुशीलाताई म्हणाल्या, "माझा भाऊ कुस्ती खेळायचा. त्येच्या खुराकाला हात लावायची कुणाची टाप न्हवती. आमी तिघी भनी लांबनं बघायचो... आता त्यो माझ्या हातानं बनतोय, आन् पोरीच्या तोंडात जातोय. लय बरं वाटतंय बघा."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

तर गुरुवारी वजनाला अख्खी फौज हजर. थोरला भाऊ आता वस्ताद झालाय, फळीकडे कुणी हात नेला की तोच फटका देतो म्हणे. ओवीला काट्यावर उभं केलं, तर तिनं भावांकडे बघून मांडीवर हात मारून चक्क शड्डू ठोकला! आकडा लागला उड्या मारायला.

"आगं ए पैलवान, गप हुबी ऱ्हा की!" अंगणवाडीताई ओरडल्या.

शेवटी आकडा थांबला... वजन वाढलं होतं. ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ऍडमिट करायची गरज नाही, आहे तेच चालू ठेवा. बायाक्कानं नातीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि सुशीलाताई डोळे पुसत मलाच म्हणाल्या, "मॅडम, रडताय काय!"

काल नवीन पाकिटं छापून आली. 'खुराक', मोठ्या अक्षरात. माझ्या सगळ्या पदव्यांत न सापडलेला हा शब्द मला सुशीलाताईंनी दिला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

आणि हो... तुमचा गट काय बनवतो, असं कुणी विचारलं तर आधी मी 'पूरक पोषण आहार' म्हणायचे. आता सांगते, आम्ही पैलवान बनवतो.