पाण्यातली पहिली पायरी

"पावणं, चपला काढा."

डिंभ्याच्या जलाशयात, काठापासून लांब, चहूकडे नुसतं पाणी असताना आमचे वाटाडे काका हे सांगायचे. आधी वल्हं मांडीवर आडवं ठेवायचे. मग स्वतःच्या रबरी चपला काढून कयाकच्या, त्या एकट्याच्या चिंचोळ्या होडीच्या, तळाशी जोडीने ठेवायचे. मागून पाच-सहा कयाकमधून आलेली पुण्याची माणसं एकमेकांकडे बघायची. कोणीतरी विचारायचंच, "इथं? कशाला?"

"आमचं देऊळ हाय हितं. पायात घालून पुढं जायचं नसतं."

माणसं हसायची आणि काढायची. तुम्हीही काढल्या असत्या. ते इतकं सहज सांगत की नाही म्हणायचं सुचत नसे.

नारायणगावात बातमीदारी करत असताना मी या सफरीवर लिहायला गेलो होतो. नंतर बातमीचं निमित्त नसतानाही जात राहिलो. घोड नदीवर धरण झालं आणि काकांचं गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. पुढे त्याच पाण्यात त्यांनी जाळं टाकलं. साठीच्या आसपास सफरवाल्यांनी त्यांना वाटाड्या म्हणून घेतलं. पहिल्यांदा कयाक बघून ते म्हणाले होते, "ह्याच्यात बसत न्हाईत राव. हे अंगात घालत्यात."

सफरीत ते गाव दाखवायचे. दिसत काहीच नसे.

"ही वेस. वाकून या, लई बुटकी व्हती." एकदा एक उंच गृहस्थ खरोखर वाकलेले मी पाहिले आहेत.

"डावीकडं खळं. भात झोडायचो तिथं. उजवीकडं माज्या चुलत्याचं घर, तिकडं जाऊ नका. भांडण हाय."

"अजून?" कोणीतरी विचारलं.

"घर बुडलं. भांडण कुठं बुडलंय?"

सफरीचा व्यवस्थापक पुण्याचा, तिशीतला, कामाला चोख. धरणाआधीच्या जुन्या नकाशावरून त्याने गावाची जागा मोबाइलमध्ये बसवून घेतली होती. त्या नकाशात देऊळ चपला काढायच्या जागेपासून बरंच पुढे दिसत होतं. एका प्रवाशानेही मोबाइल लावून तेच दाखवलं. त्या दुपारी काठावर व्यवस्थापक त्यांच्याशी बोलला. मी तिथे होतो.

"काका, तुम्ही लोकांना चुकीची जागा दाखवताय."

"जागा बराबर हाय, साहेब."

"नकाशात देऊळ पुढं आहे."

"असंल. चपला हितंच काढायच्या."

"म्हणजे नकाशा खोटा?"

"मी कुटं म्हनलं खोटा?"

व्यवस्थापकाला हा हट्ट वाटला. खरं सांगायचं तर मलाही. पुढच्या मोसमापासून इंग्रजी बोलणारा, नकाशा वाचणारा नवा वाटाड्या येणार, आणि काकांनी काठावर लाईफ जॅकेट वाटायची, असं तिथेच ठरलं. ओलं जॅकेट उचलून त्यांनी दोरीवर वाळत घातलं आणि बराच वेळ त्याचे पट्टे सरळ करत राहिले.

जागा ओळखता कशी, असं मी त्यांना नंतर विचारलं. त्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. "ती खिंड अन् तिच्या मागला सुळका. सुळका खिंडीत मधोमध बसला की थांबायचं. आमचा बाप बी तितंच थांबायचा."

"बाप? तेव्हा पाणी कुठं होतं?"

"चालत जायचा की," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं. आधी देवळाचं शिखर वर आलं, नकाशात होतं अगदी तिथेच. व्यवस्थापकाने मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'नकाशा बरोबर.' मी डिंभ्याला गेलो तेव्हा काका काठावर जाळ्याची भोकं सांधत बसले होते. फोटो त्यांनी लांब धरून पाहिला. "ब्येस आलाय," म्हणाले. "पन पानी अजून उतरतंय."

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "आज या. साहेबाला बी घिऊन या."

आम्ही तिघं तीन कयाकमधून निघालो. देऊळ आता जोत्यापर्यंत उघडं होतं. ते पुढे, आम्ही मागे. सुळका खिंडीत मधोमध बसला, त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, आणि त्यांच्या कयाकचं नाक दगडावर खर्रकन घासलं.

पाण्याच्या कडेला एक लांब, काळी पायरी नुकतीच उघडी पडली होती. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग चिखलाने माखलेली फरसबंदी, आणि त्या फरसबंदीच्या टोकाला देऊळ. पहिली पायरी मधोमध झिजून खोलगट झाली होती.

"ही पायरी," ते म्हणाले. "चपला काय गाभाऱ्यात काढत्यात का, साहेब?"

व्यवस्थापक पायरीकडे बघत राहिला. मग बुटाची नाडी सोडायला तो कयाकमध्येच वाकला, कयाक कलंडली आणि तो गुडघाभर पाण्यात हातांवर पडला, पायरीसमोर आडवा.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," काकांनी हात देऊन त्याला उठवलं. "साष्टांग पोचला."

मी हसत होतो. ओलाचिंब व्यवस्थापकही हसत होता. एक बूट काढून झाल्यावर तो म्हणाला, "काका, लाईफ जॅकेट वाटायला मी दुसरं कोणीतरी बघतो. नवा वाटाड्या येईल तो तुमच्या मागच्या कयाकमध्ये बसेल. त्याला शिकवा."

आम्ही वर पाहिलं.

रबरी चपला पहिल्या पायरीवर जोडीने ठेवलेल्या होत्या. ते फरसबंदीवर बरेच पुढे गेले होते, अनवाणी, झपझप, आणि उजवीकडच्या एका मोडक्या जोत्याकडे मान वळवून मोठ्याने काहीतरी ऐकवत होते. चुलत्याचं घर असावं.