सिस्टरबाईंचे डोळे

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ऐंशी-ब्याऐंशीचं साल असेल. विळ्यानं हात कापला म्हणून अल्लीपूरहून दवाखान्यात गेलो होतो. टाके घालणाऱ्या सिस्टरबाईंना कपाळावरची बट फुंकरीनं उडवायची सवय होती. तशी फुंकर मारतानाच माझ्या रक्ताची चिळकांडी त्यांच्या डोळ्यात गेली. नळाखाली बराच वेळ डोळा धुऊन त्यांनी विचारलं, "काहो भाऊ, कावीळ तं नाई ना तुम्हाले?"

"नाई," मी म्हणालो. डॉक्टर रागावतील म्हणून कावीळ उतरावी म्हणून वैदूनं गळ्यात घातलेली माळ सदऱ्याआड लपवली होती.

दोन दिवसांनी पट्टी बदलताना ती माळ बाहेर डोकावलीच. सिस्टरबाईंनी लगेच डॉक्टरांना सांगितलं, स्वतःचं रक्त तपासायला दिलं आणि मला म्हणाल्या, "माळ लपवून रोग लपते काय? खरं बोलले असते तं खाल्लं असतं का मी तुम्हाले?"

हात बरा झाला, तरी कित्येक महिने मी बाजाराच्या दिवशी त्यांचे डोळे पाहायला जायचो. शेवटी एकदा त्यांनी पापणी खाली ओढली आणि व्हरांडाभर हसल्या. "पाहा, कापसावानी पांढरे! डॉक्टर म्हणते, आता भेव नाई. जितलो आपण दोघंबी!"

त्या दिवशी मी गावापर्यंत गात सायकल हाकली. त्यांची माफी मागायची मात्र अजून राहिली आहे.