गजराबाईचे वीस सेकंद

गजराबाईनं जन्मभर मेंढरं राखली आणि कुणाला भ्यायली नाही. "लांडगा दिसला की वरडायचं न्हाय, पाठ फिरवायची न्हाय. बघत उभं ऱ्हायचं," असं ती सांगते.

तालुक्याच्या वाशीपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे, कुलपासकट. गेल्या वर्षी तिच्या सुनेचं, प्रतीक्षाचं, पहिलं लेकरू वाशीच्या वाटेवर जीपमध्येच दगावलं. आता तिला पुन्हा आठवा लागलाय. अर्ज देऊन देऊन गजराबाईच्या चपला झिजल्या.

निवडणूक आली. एका चॅनलनं उमेदवारांची चर्चा ठेवली आणि लोकांना सांगितलं, तीस सेकंदांचा प्रश्न व्हिडिओ करून पाठवा. गावात बरा फोन माझा, म्हणून धरला मी. कुलपापाशी उभी राहून ती म्हणाली, "म्या गजराबाई. ह्ये कुलूप कवा उघडणार? तारीख सांगा." दहा सेकंदांत संपलं. उरलेले वीस सेकंद ती नुसती कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

चॅनलमधून सृष्टी नावाच्या मुलीचा फोन आला. "मावशी, शेवटी तुम्ही काहीच बोलत नाही. तेवढं कापते."

"कापू नगं, पोरी. इचारल्यावर जबाबाची वाट बघाया नगं? कापायचं आसंल तर समदंच ऱ्हाऊ दे."

सृष्टीनं कापलं नाही. भलं होवो तिचं.

चर्चेच्या दिवशी अख्खं गाव टीव्हीपुढं. प्रश्न ऐकताच आमदारसाहेब सुरू झाले, "आमच्या मायमाऊल्यांसाठी आम्ही…" आणि अडखळले. मागच्या पडद्यावर गजराबाई बघतच होती. साहेब पाणी प्यायले. ती बघतच होती. शेवटी म्हणाले, "सोमवारी. सोमवारी नर्स येईल." मला तर नाचावंसं वाटलं.

सोमवारी आठलाच ती उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन बसली, शेजारी प्रतीक्षा. दहा वाजले. रामहरी सरपंच हसत म्हणाले, "टीव्हीवरचं बोलणं मनावर घ्यायचं आसतंय व्हय?" ती वाटेकडं बघत राहिली. मी असतो तर चार शिव्या हासडल्या असत्या.

अकराला स्कूटी आली. नर्सबाईंनी कुलूप काढलं, प्रतीक्षाला आत नेऊन तपासलं. बाहेर टाळ्या पडल्या. सरपंचांनीच हार आणायला माणूस पिटाळला.

गजराबाई पायरीवरून उठली नाही. "बाई, आजचं झालं. उद्या किती वाजता येणार?"

नर्सबाई नुसत्या हसल्या, पर्स आवरायला लागल्या. गजराबाई त्यांच्याकडं बघत राहिली.

"नऊला," नर्सबाई म्हणाल्या.