सासूबाईंच्या पायाचं माप

माझे सासरे बूट शिवायचे, हाताने आणि मापावर. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आलं तरी त्याला स्टुलावर बसवून त्याचा पाय नव्याने कागदावर उतरवून घ्यायचे. पाय दर दोन वर्षांनी बदलतो, हे त्यांचं भाषण आमच्या घरात भिंतींनाही पाठ झालं होतं. मागच्या खोलीत सासूबाई पायाने चालवायच्या मशीनवर बुटांचे वरचे भाग शिवायच्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे त्यांनी बेचाळीस वर्षं काढली.

सासऱ्यांनी दुकान बंद केलं त्याच आठवड्यात सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, की आपण दोघं डोंगरावरच्या देवळापर्यंत पायी जाणार. सव्वादोनशे किलोमीटर, बारा दिवस. माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने गुडघ्यांपासून उन्हापर्यंत सगळी भीती घालून पाहिली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बेचाळीस वर्षं पाय हलवतेय मी, पण मशीनखाली. एक पाऊल पुढे गेले नाही. आता जाऊन बघते.”

नवऱ्याने एवढंच कबूल करून घेतलं, की जमेनासं झालं तर फोन करायचा, तो गाडी घेऊन येईल. सासूबाईंनी मान डोलावली खरी, पण त्यांच्या लेखी गाडीत बसलं की सगळं संपलं. देवळापर्यंतचं पाऊल न् पाऊल स्वतःचं हवं होतं.

सासऱ्यांनी फळीवरून दोघांचे फर्मे काढले. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्यावर चामडं ताणून बूट उभा करतात. तीन आठवडे खपून त्यांनी दोन काळेभोर जोड तयार केले. सासूबाईंनी घरात घालून पाहिले आणि छान झालेत म्हणाल्या.

दोघं निघाल्यापासून पाचव्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. फक्त “ये” म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा यात्रेकरूंच्या निवाऱ्याच्या व्हरांड्यात सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी मोजे काढले. दोन्ही करंगळ्या सोलवटून निघाल्या होत्या, मोजा रक्ताने चिकटला होता. नवऱ्याने गाडीचं दार उघडलं. सासूबाईंनी त्या दाराकडे पाहिलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मला सासऱ्यांचा असा राग आला, की सून असल्याचं विसरून मी विचारलं, “बाबा, आईंचं माप घेतलं होतंत का?”

ते म्हणाले, फर्मा होता की.

“कधीचा?”

त्यांनी बूट उचलून करंगळीपाशी अंगठा दाबून पाहिला. मग हळूच म्हणाले, “लग्नाच्या वर्षीचा.”

गावभरच्या पायांची मापं घेणारा माणूस, आणि घरातला पाय त्याच्या लेखी बेचाळीस वर्षं वीस वर्षांचाच राहिला होता. सासूबाईंनीही पाच दिवस अवाक्षर काढलं नव्हतं. का, म्हणून सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाल्या, “सगळ्यांना सांगत आले, आमच्या ह्यांचा बूट चावत नाही. आता मीच कशी बोलू?”

सासरे उठले. नवऱ्याला वाटलं, सामान उचलायला उठले. त्यांनी पिशवीतून चामडं टोचायची आरी, दोरा आणि कापायची रापी काढली. या हत्यारांशिवाय ते कुठे जात नसत. मग माझ्याकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, गुडघ्यांवर बसले, बायकोचा एकेक पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. गिऱ्हाइकासमोर इतक्या हळुवार हाताने ती फिरवताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. करंगळीपाशी दोन्ही बूट उभे चिरले. स्वतःच्या चामडी पिशवीचं झाकण कापून त्याची ठिगळं लावली. काळ्या बुटाला तपकिरी ठिगळ, त्यात घाईचे टाके. असला बूट दुकानात कुणी आणला असता तर त्यांनी दारातून परत पाठवला असता.

एक दिवस पाय सुकू दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पट्ट्या बांधून बूट चढवले, व्हरांड्यात चार पावलं टाकली, मग आणखी चार. आणि सरळ रस्त्याला लागल्या. नवरा आणि मी त्या दोघांशिवायच गाडी घेऊन घरी आलो, तो वाटभर धुसफुसत होता. मला मात्र हसू आवरत नव्हतं.

तेराव्या दिवशी आम्ही डोंगरावर जाऊन उभे राहिलो. शेवटच्या पायऱ्यांवर आधी सासूबाई दिसल्या, धुळीने माखलेल्या, ताठ. मागून कठड्याला धरत सासरे येत होते आणि जरा हळू चाल म्हणून विनवत होते. सासूबाईंनी वळूनही पाहिलं नाही. “हळू फार वर्षं चालले,” त्या म्हणाल्या, “आता तुम्ही गाठा मला.”

देवळाच्या दारात मात्र त्या थांबल्या. सासरे येईपर्यंत थांबल्या, आणि दोघं मिळून आत गेले. मी भर गर्दीत ढसाढसा रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

बाहेर आल्यावर त्या थेट आमच्या गाडीपाशी गेल्या. ठिगळाचे बूट काढून हातात घेतले आणि लेकाला म्हणाल्या, “आता उघड दार.”