टेकचंदचा जांभळ्या डोळ्यांचा बटाटा

टेकचंद गेल्याचं सांगायला त्याचा मुलगा परसराम आला, तेव्हा मी नदीकाठच्या मळ्यात त्याच्याच बटाट्यांना शेवटचं पाणी देत होतो. आधी रागच आला. पीक काढणीला आलेलं आणि हा माणूस चालता झाला! कायमचंच त्याचं हे. मला कामात गुंतवायचं आणि... असो.

फाळणीनंतर तो इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आला, तो क्वेट्ट्याकडच्या थंड डोंगरातल्या बटाट्यांची पिशवी घेऊन. साल खरखरीत, डोळे जांभळे. बराकीत माणसं रेशनला रांगा लावायची, पण ते बटाटे त्याने बायकोला शिजवू दिले नाहीत. भात निघाल्यावर माझा बदलापूरचा मळा मागायला आला. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण शेती मला कोणी शिकवायची नाही. हा शिकवायचा! आमच्याकडे मोठे बटाटे खातात, बारीक बियाण्याला ठेवतात. याचं उलटं. "साईं, छोटा खाओ, बडा बोओ. नाय तर दरसाल पटाटा छोटाच होनार." बियाण्यासाठी चांगल्या झाडांना चिंध्या बांधून ठेवायचा आणि शिवरात्रीच्या उपासाला आमच्या घरी गोट्यांएवढे बटाटे पाठवायचा. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, करवादायची, "मेल्या, देवाच्या उपासाला असलं देतात व्हय?"

थंड मुलखाचं बियाणं उन्हाळ्यात कुजू नये म्हणून टोपल्या माझ्या विहिरीच्या कपारीत. पाणी शेंदताना बायकांचे दोर अडकायचे, शिव्या मला. पावसात पाणी चढलं की टोपल्या माझ्या माळ्यावर. दर वर्षी भांडलो, दर वर्षी जागा दिली. नाही म्हणायला गेलो की म्हणायचा, "ये गया तो फिर किधर मिलेगा? मुलुख तर गेलाच..."

मागच्या आठवड्यात परसराम बाराव्याच्या जेवणासाठी बटाटे न्यायला आला. पीक काढलेलं, पण यंदा निम्मं सडलेलं. चिंधीवाल्या झाडांचे मोठे बटाटे जेमतेम टोपलीभर, तेवढंच बियाणं. म्हातारी म्हणाली, "अवो, मयताचं जेवन हाय. मोठे द्या, नाय तर लोक तोंडात शेण घालतील." बारीक द्यायचे तर मला लाज, माझ्या दारातून हलका माल कधी गेलेला नाही. मोठे द्यायचे तर वाणच संपला... शेवटी बारीकच भरले आणि परसरामवर डाफरलो, "तुझा बापच हट्टी! मी काय करू?"

त्याने पिशवीत हात घालून पाहिलं. "काका, एवढं काय वाटून घेता? आमच्या घरात मोठा पटाटा कोणी कधी खाल्लाच नाय."