तिसरा थर

मला धीर असा कधी नव्हताच. भात शिजेपर्यंत मी चार वेळा झाकण काढते, असं आई म्हणायची. इथे अमेरिकेतल्या लॅबमध्ये त्याच स्वभावानं मला तोंडघशी पाडलं.

आमचं काम म्हणजे एका ऑक्साइडच्या स्फटिकावर दुसऱ्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर चढवायचे. दोन्ही पक्के रोधक, त्यांतून वीज जाईल तर शपथ! पण वरचे थर चार झाले की दोघांच्या सांध्यात इलेक्ट्रॉनांची साय धरते आणि तिच्यातून वीज वाहते. तीन थरांवर वाहत नाही. माझ्या तीन थरांच्या तुकड्यातून मात्र वाहत होती.

माझं कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात संपत होतं, त्याच्याबरोबर व्हिसाही. "हे खरं ठरलं तर आणखी एक वर्ष ठेवून घेतो," प्रोफेसर म्हणाले. मी लगेच नवऱ्याला फोन केला, त्यानं त्याच्या आईला. बाजारात तुरी, दुसरं काय!

शेजारच्या टेबलावरच्या पुणेकरानं एवढंच विचारलं, "अगं, मोजायच्या आधी तुकडा अंधारात ठेवला होतास ना?"

नव्हता ठेवला. उजेडानं खालच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तासन्‌तास तसेच राहतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी राग त्याचाच आला. "तुझं काय जातंय?" म्हणाले. मग मुकाट्यानं तुकडा मीटरला जोडला आणि वर काळा डबा पालथा घातला. आता चोवीस तास थांबायचं.

जीव नुसता टांगणीला लागला. कॉफी केली, सिंकमध्ये ओतली. पार्किंगमध्ये कारपर्यंत गेले, परत आले. दोनदा डब्यावर हात ठेवला. जरा फट राहिली तर कोणाला कळणार आहे, हेही मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं. वीज नाही. पुणेकर म्हणाला, "एखादी तार सुटली असेल, यार." मी डबा उचलला. ट्यूबलाइटचा उजेड पडला आणि हळूहळू वीज वाहायला लागली. तार शाबूत होती.

प्रोफेसरांकडे माझा जुना आकडा होताच. गप्प बसले असते तर निदान वर्ष निघालं असतं. मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"पेपर पाठवायच्या आधी सांगितलंस, बरं झालं," ते म्हणाले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुझ्या जागी जो येईल, त्याच्यासाठी हे नीट लिहून ठेव."