गंगूबाईचा घोटा

गंगूबाईला उकिडवं बसता यायला हवं होतं. बस्स, एवढंच. अमरावतीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांत तिचं मागणं सर्वांत साधं होतं. मी शाळेत शिकवायचे. मला मोडलेल्या मनगटानं पुन्हा फळ्यावर लिहायचं होतं. तिला मेथीच्या वाफ्यात बसून निंदण करायचं होतं.

वलगावच्या रस्त्याला तिचा आणि नवऱ्याचा, शेषरावांचा, भाजीचा मळा. बांधावरून घसरून तिचा घोटा मोडला आणि प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल ताठ होऊन बसलेलं. चालता यायचं, उभं राहता यायचं. उकिडवं बसायला गेली की मागच्या मागे उलटायची. आता भाजीवालीनं उभं राहून करायचं काय? निंदणं, खुडणं, जुड्या बांधणं, सगळं जमिनीलगतचं काम. आत्महत्यांच्या त्या वर्षांत कापूसवाल्यांच्या दारी पार दिल्लीहून माणसं यायची, विचारपूस करून जायची. करायलाच हवी होती, माझं काही म्हणणं नाही. पण कापूसवाल्याचा हात आखडला म्हणून बाजारात जिची मेथी सुकत होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. याचा मला अजून संताप येतो.

व्यायाम घ्यायला निखत होती. अकोल्याची मुलगी, नुकतीच शिकून आलेली, आवाज मऊ. कोन मोजायचं एक साधन तिच्या हातात असायचं. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एका खिळ्यावर फिरणाऱ्या, आणि खिळ्याभोवती अंश कोरलेली गोल चकती, कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी. एक पट्टी पायालगत धरायची, दुसरी पावलाच्या कडेला, खिळा घोट्याशी. ‘पंजा वर ओढा, मावशी,’ ती म्हणायची. गंगूबाई दात-ओठ खाऊन ओढायची आणि पट्टी काटकोनाच्या अलीकडेच अडायची.

“कावून मोजून राहिली वो रोज रोज?” गंगूबाई म्हणायची. “थो काय लेकरू हाये, रोज वाढाले?”

बाकावरचे आम्ही सगळे हसायचो. निखतही हसायची, पण चकतीकडे पाहताना तिचा चेहरा उतरलेला मला दिसायचा.

मग एक दिवस ती आनंदात सांगत आली. नागपूरचे मोठे डॉक्टर शिबिराला येणार, पाय तपासणार, ज्यांना निवडतील त्यांचं ऑपरेशन फुकट. “तुमची टाचेमागची शीर लांब केली ना मावशी, की बसता येईल तुम्हाले.” गंगूबाईनं तिचे दोन्ही हात धरले.

शिबिराच्या दिवशी माझाही हात दाखवायचा होता. गंगूबाई शेषरावांसोबत आली ती पायाला गरम फडकं गुंडाळून. तेलाचा वास येत होता. डॉक्टरांनी निखतचंच साधन घेतलं, पट्ट्या लावल्या. गंगूबाईनं डोळे मिटून पंजा ओढला आणि पट्टी काटकोन ओलांडून चांगली पुढे गेली.

“अरे वा, छान आहे की!” डॉक्टर म्हणाले. “याला ऑपरेशन नको. व्यायाम चालू ठेवा.”

“सर, हा पाय रोज इतका येत नाही,” निखत म्हणाली. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. माणूस वाईट नव्हता. पट्टीवर जे दिसलं ते त्यानं मानलं, आणि मागे रांग उभी होती.

बाहेर येऊन निखतनं विचारलं, “मावशी, काय केलं तुमी?”

गंगूबाई खुशीत होती. “अंधारातच उठली मी. गरम पान्यात पाय ठेवला,” तिनं शेषरावांकडे बोट दाखवलं, “यायनं तेल लावून दाबून दाबून वाकवला. लय दुखलं, पर म्या हूं का चूं केलं नाई. मोठा डाक्टर येऊन राहिला न्, वाळेल जुडी कोन उचलते? माल ताजा दिसला पाह्यजे.”

चूक काय होती तिची? आयुष्यभर बाजारात बसलेली बाई. जुड्यांवर पाणी शिंपडायचं, टवटवीत पानं वर ठेवायची, चांगलं तेच आधी उचललं जातं हे तिला पक्कं ठाऊक. इथे वाईट तेच आधी उचलतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता निखतनं सांगितलं.

तशी ती उठली आणि अंगणातल्या नळाखाली पाय धरून बसली. थंडीचे दिवस. पाणी बर्फासारखं. “आखडन आता,” ती म्हणत होती, “आत्ताच आखडन.” मला तिकडे बघवेना. दुपार कलली तेव्हा पाय पुन्हा ताठ झाला. निखतनं पट्ट्या लावल्या, तिला तशीच हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी मोजलं, मान डोलावली. पण जागा भरल्या होत्या. पुढच्या शिबिरात नक्की, म्हणाले.

पुढचं शिबिर झालंच नाही. निखतची अकोल्याला बदली झाली.

हिवाळा सरता सरता मी मळ्यावर गेले होते. शेषराव एकटेच वाफ्यात वाकून निंदत होते. गंगूबाई बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत. आधी ती बसून, पाय लांब करून सरकत सरकत निंदायची म्हणे. पण तिच्या ताठ पायाखाली मेथी मोडायची, म्हणून शेषरावांनी तिला वाफ्यात यायला मनाई केली होती.

“दुखतं का हो फार?” मी विचारलं.

“दुखत काईच नाई, म्याडम,” ती म्हणाली. “दुखलं असतं त घरी निजून राह्यली असती. हे पाहत त बसा लागलं नसतं.”